अंग वळणे आणि अंग वळवणे

नरकचतुर्दशीच्या पहाटे पाटावर बसून आईच्या हातून तेल लावून घेतल्याची आठवण आपल्यापैकी पुष्कळांना असेल. डोळ्यांवर झोप, अंगावर काटा, बाहेर कुठेतरी पहिला फटाका वाजलेला, आणि खांद्यापासून मनगटापर्यंत फिरणारा तो कोमट तेलाचा हात. घरात तान्हे मूल असले की मोठ्यांच्या आधी त्याचे न्हाणे उरकले जाई. न्हाऊ घालणाऱ्या बाई पाय लांब करून बसत, बाळाला पायांवर घेत, आणि तेल जिरवून झाले की त्याचे दोन्ही हात छातीवर एकमेकांवरून नेत. मग एक हात आणि विरुद्ध बाजूचा पाय पोटावर एकत्र आणत. बाळ हसत असले तर खेळ थोडा लांबे. बाळाने अंग आखडले, की कसलेल्या बाई हात सैल सोडत आणि दुसरीकडे वळत. त्यांनी शरीरशास्त्राचे पुस्तक पाहिलेले नसे. पण आखडलेल्या अंगाला जोर लावायचा नसतो, हे त्यांच्या बोटांना ठाऊक असे.

या न्हाऊ घालणाऱ्या बाईंची आठवण मला यंदा एका पत्रामुळे झाली. म्हणून या दिवाळीच्या सदरासाठी विषयही तोच घेतला आहे: खेळाडूच्या अंगाचा लवचिकपणा, तो कशाने येतो आणि कशाने येत नाही.

पत्र चैत्रात आले. लिहिणाऱ्या बाई या पानाच्या जुन्या वाचक आहेत. त्यांची तेरा वर्षांची मुलगी दोन वर्षांपासून जिम्नॅस्टिक्सच्या वर्गाला जाते. मुलगी चपळ आहे, मेहनती आहे, पण तिची स्प्लिट काही पुरी बसत नव्हती. एक पाय पुढे आणि एक मागे टाकून खाली बसताना जमीन चार बोटे लांब राही. मे महिन्यात स्पर्धा होती. शिक्षकांनी दोन मोठ्या मुलींना तिचे खांदे आणि कंबर धरून खाली दाबायला सांगितले. मुलगी ओरडली. तेव्हा सगळ्या हसल्या, आणि ‘पहिल्यांदा असेच होते’ असे तिला सांगण्यात आले. त्या दिवसापासून तिला वर्गातल्या बाकावर बसले की मांडीच्या वरच्या टोकाशी, बसण्याच्या हाडाजवळ दुखू लागले.

बाईंनी पुढे लिहिले होते, “तिचे बाबा म्हणतात, सोसल्याशिवाय कोणी खेळाडू होत नाही. सासूबाई म्हणतात, पोरीच्या जातीला हे कशाला हवे. आणि मुलगी म्हणते, ‘आई, तू काहीही कर, पण वर्ग सोडायला सांगू नकोस.’ मी कोणाचे ऐकू?”

मी उलट टपाली दोनच ओळी लिहिल्या. आधी मुलीला हाडांच्या डॉक्टरांकडे न्या. आणि ते सांगेपर्यंत तिचा पाय कोणी ताणणार नाही, ती स्वतःही ताणणार नाही, असे पाहा. पत्राच्या उरलेल्या प्रश्नाचे उत्तर दोन ओळींत देण्यासारखे नव्हते. ते येथे देतो, कारण हा प्रश्न एका घराचा नाही. आज गल्लोगल्ली क्रिकेटचे, जिम्नॅस्टिक्सचे, पोहण्याचे, बॅडमिंटनचे वर्ग आहेत. मुले हौसेने जातात, आईबाप पदरमोड करून फी भरतात, आणि ‘याचे अंग लाकडासारखे आहे’ हे वाक्य पुष्कळ घरांत काळजीचा विषय होऊन बसते.

प्रथम एक छोटा प्रयोग करून पाहा. सतरंजीवर उताणे निजा. एक पाय जमिनीवर सरळ ठेवा आणि दुसरा गुडघ्यात न वाकवता, हाताचा आधार न घेता, जेवढा वर उचलता येईल तेवढा उचला. कुठवर गेला ते घरातल्या कोणाला तरी पाहून ठेवायला सांगा. आता त्याच पायाच्या तळव्याला पंचा अडकवून हाताने हळूहळू ओढा. पाय आणखी वर जाईल. पहिली उंची तुमच्या स्वतःच्या ताकदीची. दुसरी पंचाची, म्हणजे उसनी.

लवचिकपणा हा शब्द आपण दोन्हींसाठी वापरतो, आणि सगळा घोटाळा तिथेच होतो. दुसऱ्याने ढकलले असता सांधा कुठवर जातो ही एक गोष्ट. तोच सांधा स्वतःच्या बळाने, तोल सांभाळून, हव्या त्या वेगाने कुठवर नेता येतो ही दुसरी गोष्ट. आजकालचे शिक्षक पहिलीला फ्लेक्झिबिलिटी आणि दुसरीला मोबिलिटी म्हणतात. आपण दुसरीला अंगाचा मोकळेपणा म्हणू. मैदानावर उपयोग या मोकळेपणाचा होतो. खो-खोतला खेळाडू खांबाशी वळतो, कबड्डीतला चढाई करणारा पाय लांबवून निदान रेषा ओलांडतो, तेव्हा पंचा ओढणारे कोणी बरोबर नसते. आणि पुष्कळ वेळा दुखापत होते ती या दोन उंचींमधल्या जागेत. सांधा तिथवर जातो, पण तिथे गेल्यावर त्याला सावरण्याइतकी ताकद स्नायूंत नसते.

सांधा अडतो तरी कशाने? चार गोष्टींनी. पहिली म्हणजे हाडांची घडण. खुब्याची खोबण कोणाची खोल असते, कोणाची उथळ. मांडीच्या हाडाची मान कोणाची कशी वळलेली असते, कोणाची कशी. हाडाला हाड लागले की पुढे वाट नाही. तेथे वर्षानुवर्षे ताणूनही काही व्हायचे नाही, झालीच तर इजा होईल. दोन सख्ख्या बहिणींनी एकच मेहनत घेतली तरी एकीची मांडी जमिनीला टेकते आणि दुसरीची नाही, याचे कारण पुष्कळदा आळस नसून हाड असते. दुसरी गोष्ट सांध्याभोवतालचे आवरण आणि अस्थिबंध. हे सांध्याला जागेवर धरून ठेवण्यासाठी आहेत. ते सैल करणे हा कोणत्याही शहाण्या व्यायामाचा हेतू नसतो. तिसरी गोष्ट स्नायू.

चौथी गोष्ट आपल्या ध्यानात सहसा येत नाही, ती म्हणजे मज्जासंस्थेची परवानगी. स्नायू ताणला गेला की मेंदूकडे वर्दी जाते आणि एका हद्दीनंतर मेंदू म्हणतो, पुरे. काही आठवडे नेमाने ताण दिला की पाय अधिक वर जातो, आणि आपल्याला वाटते की स्नायू लांब झाला. प्रत्यक्ष मोजमापे घेतली तेव्हा असे दिसले, की या पहिल्या काही आठवड्यांच्या प्रगतीचा मोठा भाग ताण सोसण्याची सवय वाढल्यामुळे असतो. स्नायू जवळपास पूर्वीसारखाच असतो, पण मेंदूची भीती कमी झालेली असते. आता विचार करा, भीती कमी करायची आहे, आणि आपण दोन माणसे अंगावर बसवतो! मूल आखडून घेते ते हट्टाने नव्हे. त्याचे शरीर स्वतःचे रक्षण करत असते.

वाढत्या वयात तर हे रक्षण फारच महत्त्वाचे. बसताना आपला भार ज्या दोन हाडांवर येतो, त्यांनाच मांडीमागचे मोठे स्नायू जोडलेले असतात. खेळाडू त्यांना हॅमस्ट्रिंग म्हणतात. मोठ्या माणसात ते हाड एकसंध असते. मुलांत मात्र स्नायू जिथे चिकटतो तो हाडाचा तुकडा मुख्य हाडाशी वाढत्या कूर्चेने जोडलेला असतो, आणि तो पुरता एकजीव व्हायला वयाची विशी उजाडते, कधी ओलांडते. ही कूर्चा स्नायूच्या दोरीपेक्षा कच्ची असते. म्हणून ज्या हिसक्याने मोठ्या माणसाचा स्नायू फाटेल, त्याच हिसक्याने मुलाच्या हाडाचा तो तुकडाच ओढला जातो, क्वचित सुटूनही येतो. जिम्नॅस्टिक्स, धावणे, फुटबॉल खेळणाऱ्या मुलामुलींत ही दुखापत डॉक्टरांच्या चांगल्या परिचयाची आहे. वेळीच ओळखली तर बहुधा विश्रांतीने बरी होते. ‘ताण आला असेल, आणखी ताण म्हणजे मोकळा होईल’ असे म्हणून रेटत राहिले, तर महिन्यांचे दुखणे वर्षांवर जाते.

तेव्हा घरच्यांनी एक फरक ओळखायला शिकावे. स्नायूच्या मध्यभागी लागणारी, ताण सोडताच जाणारी ओढ ही व्यायामाची ओढ. पण हाडापाशी, सांध्यात किंवा सांध्याच्या अगदी जवळ एका बोटाने दाखवता येईल असे दुखणे, ‘कट्’ असा आवाज, मुंग्या, किंवा दुसऱ्या दिवशी लंगडणे, ही डॉक्टरांकडे जाण्याची कारणे आहेत.

कोणी म्हणेल, आपल्या जुन्या तालमींत काय फुले वाहत होते? तिथेही वस्ताद होते आणि त्यांची छडीही होती. खरे आहे. पण तालमीतली जी विद्या टिकली, ती पाहण्यासारखी आहे. मल्लखांबाचेच घ्या. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी या विद्येला नवे रूप दिले. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी आपल्या देशी व्यायामांची प्रात्यक्षिके केली. २०१९ च्या फेब्रुवारीत मुंबईत मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा परदेशांतली मुलेही त्या खांबावर चढली.

या खांबावर लवचिकपणा कसा येतो ते एकदा जवळ उभे राहून पाहा. मुलगा उलटा होऊन दोन्ही मांड्यांनी खांब आवळतो, म्हणजे अढी मारतो. त्या क्षणी त्याच्या मांड्या एकीकडे ताणल्या जात असतात आणि दुसरीकडे सगळे बळ लावून खांब धरत असतात. सुईदोऱ्यात तो स्वतःच्याच हाताने केलेल्या कडीतून शरीर ओवून काढतो. तेथेही सुटले की खाली, म्हणून प्रत्येक वाकण्याबरोबर पकड आलीच. मल्लखांबावर ढिले राहून वाकता येत नाही. जितके वळण, तितके बळ. म्हणून त्या मुलांच्या पाठीची कमान पाहून आपण तोंडात बोट घालतो, ती कमान त्यांच्या स्वतःच्या मालकीची असते. खांबाला एरंडेल लावतात, हे सर्वांना माहीत आहे. अंगाला मात्र घामच लावावा लागतो.

सूर्यनमस्काराचेही तसेच. औंधचे राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात त्याचा घरोघरी प्रसार केला. त्यात पुढे वाकणे आहे, मागे कमान आहे, पाय लांब टाकणे आहे. पण कोठेही पाच मिनिटे ओढत बसणे नाही. श्वासाच्या लयीत जायचे, थोडे थांबायचे, निघायचे. दहाव्या नमस्काराला अंग जेथवर जाते, तेथवर पहिल्याला जात नाही, आणि जबरदस्ती कोणी केलेली नसते. अंग गरम झालेले असते, एवढेच.

आता आधुनिक संशोधन या बाबतीत काय म्हणते ते पाहू. आमच्या शाळेच्या वेळी खेळाच्या तासाला पहिले काम ठरलेले असे. रांगेत उभे राहायचे आणि थंड अंगाने पायाचे अंगठे धरून शिक्षकांची शिटी वाजेपर्यंत थांबायचे. यामुळे दुखापत टळते असे सर्वांनी धरले होते. ऑस्ट्रेलियात नव्याने भरती झालेल्या १५३८ सैनिकांवर हे तपासण्यात आले आणि २००० साली ते प्रसिद्ध झाले. बारा आठवडे एका भागाने कवायतीपूर्वी पायांच्या सहा स्नायूगटांना प्रत्येकी वीस सेकंद ताण दिला, दुसऱ्या भागाने दिला नाही. बाकी तयारी दोघांची सारखी. शेवटी पायांच्या दुखापती मोजल्या, तर माणसांच्या संख्येच्या हिशेबाने दोन्ही बाजू जवळजवळ बरोबरीच्या निघाल्या. नुसते ताणून कोणाचे पाय वाचले नव्हते.

दुसरी गोष्ट याहून गमतीची. २०१६ साली काही तज्ज्ञांनी या विषयावरचे पुष्कळ प्रयोग एकत्र करून पाहिले. एकाच स्थितीत स्नायू ताणून लगेच जोर, उडी किंवा धाव मोजली, तर एका स्नायूला एक मिनिट वा अधिक ताण दिल्यावर ताकद सरासरीने ४.६ टक्के कमी भरली. मिनिटाच्या आत ताण दिला तर घट १.१ टक्के. उलट हलत्या व्यायामाने, म्हणजे पाय झुलवणे, लांब पावले टाकत वाकणे वगैरेने, ती किंचित वाढली. चार-पाच टक्के तुम्हाआम्हाला काहीच नाहीत. पण शंभर मीटर धावणाऱ्याला किंवा उंच उडी मारणाऱ्याला तेवढ्यात पदक जाते.

याचा अर्थ ताण देणे वाईट असा नव्हे. ही घट थोड्या वेळापुरती असते, आणि ताणानंतर चांगले हलते व्यायाम केले तर ती बहुतांशी भरून निघते. अर्थ एवढाच, की एका जागी शांतपणे ताण देण्याची वेळ खेळाच्या तोंडावर नाही. ती खेळानंतर, किंवा संध्याकाळी घरी. खेळाच्या आधी अंग गरम करावे आणि ते खेळाच्याच हालचालींनी करावे. फुटबॉलच्या जागतिक संघटनेने मुलामुलींसाठी वीस मिनिटांची अशी एक तयारी बसवली आहे. धावणे, बैठका, एका पायावर तोल, उडी मारून नीट उतरणे. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या सुमारे १९०० मुलींवर ती अजमावली. २००८ साली त्याचे निष्कर्ष आले, तेव्हा गंभीर दुखापती निम्म्याच्या जवळपास कमी झालेल्या दिसल्या. त्या वीस मिनिटांत कोणी कोणाला दाबत नाही.

मग ज्याचे अंग खरोखरच आखडलेले आहे त्याने काय करावे? त्याने मोकळेपणा आणि ताकद एकत्र कमवावी. अलीकडच्या अभ्यासांत असे दिसून आले आहे, की सांध्याच्या पूर्ण पल्ल्यातून, हळू आणि नीट, वजनाचा व्यायाम केला तर लवचिकपणा ताणाच्या व्यायामाइतकाच वाढतो, आणि वर ताकद मिळते ती वेगळीच. मांडीमागच्या स्नायूसाठी एक सोपा व्यायाम आहे. मऊ चटईवर गुडघ्यांवर उभे राहायचे, मागे एकाने घोटे घट्ट धरायचे, आणि पाठ व मांडी एका रेषेत ठेवून पुढे हळूहळू झुकायचे. तोल सुटला की हातांवर उतरायचे. स्नायू लांबत असताना भार पेलतो, ही त्यातली गोम. आठ हजारांहून अधिक खेळाडूंवरचे पंधरा अभ्यास २०१९ साली एकत्र पाहिले, तेव्हा ज्या संघांनी हा व्यायाम तयारीत घेतला त्यांच्यात मांडीमागच्या दुखापती सुमारे निम्म्या झालेल्या आढळल्या. क्रिकेट, कबड्डी, खो-खो खेळणाऱ्या थोरांनी हा जरूर शिकावा. पहिल्या दिवशी तीन-चारच वेळा करावा, कारण दुसऱ्या दिवशी जिना उतरताना त्याची आठवण येते.

आपल्या मीराबाई चानूचे उदाहरण घ्या. खांद्याच्या आणि पाठीच्या तक्रारीसाठी ती २०२० साली अमेरिकेला उपचारांना गेली. कोणाला वाटेल, आखडलेला खांदा म्हणजे तो ओढून सैल करायचा. पण डोक्यावर वजन धरणाऱ्या खांद्याला नुसते सैल होऊन भागत नाही. ज्या बाजूला बळ कमी आहे ती बाजू बळकट करावी लागते आणि हालचालीतला दोष काढावा लागतो. २०२१ च्या एप्रिलमध्ये ताश्कंदला तिने क्लीन अँड जर्कमध्ये ११९ किलो उचलून त्या वेळचा जागतिक विक्रम केला, आणि त्याच वर्षी टोकियोला ४९ किलो गटात रौप्यपदक मिळवले.

आणखी एक गोष्ट आईबापांनी ध्यानात ठेवावी. प्रत्येक खेळाला लागणारा मोकळेपणा निराळा. पोहणाऱ्याला खांदे आणि घोटे मोकळे हवेत. वजन उचलणाऱ्याला घोटे आणि खुबे. लांब पल्ल्याच्या धावपटूला स्प्लिट बसते की नाही याने काहीच बिघडत नाही. शेजारची मुलगी पाय डोक्याला लावते म्हणून आपल्या गोलंदाज मुलाने लावलाच पाहिजे, असे नाही.

उलट काही मुले उपजतच फार मऊ अंगाची असतात. करंगळी मागे काटकोनापलीकडे जाते, अंगठा मनगटाच्या आतल्या बाजूला टेकतो, कोपर आणि गुडघे सरळ करताना उलटे वाकतात, गुडघे न वाकवता दोन्ही तळवे जमिनीला सपाट लागतात. डॉक्टर या खुणा दोन्ही बाजूंच्या मोजून नऊपैकी गुण देतात. अशा मुलाचे पाहुण्यांसमोर प्रदर्शन होते, आणि वर्गात त्यालाच पुढे उभे करून ‘पाहा, असे’ म्हणून दाखवतात. वास्तविक त्याला ताणण्याची गरज सर्वांत कमी आणि ताकदीची सर्वांत जास्त असते. त्याचे सांधे वारंवार दुखत असले, तर डॉक्टरांना दाखवावे.

घरच्या घरी काय करता येईल? आधी मोजा. भिंतीसमोर अनवाणी उभे राहा, एक पाय भिंतीपासून चार बोटांवर ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. टेकला तर पाय थोडा मागे घ्या. अंगठा आणि भिंत यांत पाच-सहा बोटांचे, म्हणजे दहा सेंटिमीटरच्या आसपास अंतर ठेवून गुडघा टेकला तर घोटा पुरेसा मोकळा आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे उजव्या-डाव्यात फार फरक आहे का ते पाहा.

मग आपल्या आजी-आजोबांकडे वळा. ते मांडी घालून जेवत, उकिडवे बसून भाजी निवडत, दिवसातून वीस वेळा जमिनीवरून हात न टेकता उठत. त्यांनी मोबिलिटी हा शब्द ऐकला नव्हता. घरात डायनिंग टेबल आले, सोफा आला, कमोड आला, आणि त्याबरोबर खुब्यांचे आणि घोट्यांचे रोजचे काम गेले. मी टेबल विकायला सांगत नाही. गुडघे दुखणाऱ्यांना ते हवेच. पण मुलांनी निदान रात्रीचे जेवण सतरंजीवर घ्यायला काय हरकत आहे? टीव्ही पाहताना पाच मिनिटे उकिडवे बसायला पैसे पडत नाहीत. त्याला जोडून रोज सहा ते बारा सूर्यनमस्कार, आणि खेळ संपल्यावर, अंग गरम असताना, मांडी, पोटरी, खुबा यांना प्रत्येकी तीस सेकंद सौम्य ताण. श्वास अडला, चेहरा वेडावाकडा झाला, की अर्धी वाट मागे यावे. आठवड्यातून एकदा तासभर झगडण्यापेक्षा रोजची दहा मिनिटे बरी.

आणि वर्ग कसा निवडावा? शिक्षकांना तीन प्रश्न विचारा. मुलांना आधी अंग गरम करायला किती वेळ देता? एखाद्याने ‘पुरे’ म्हटले तर काय करता? आणि दुखते असे सांगितल्यावर त्या मुलाला काय काम देता? जे शिक्षक या प्रश्नांनी रागावत नाहीत, त्यांच्या हाती मूल सोपवावे.

मुलीच्या बाबांना मात्र एक शब्द सांगायचा आहे. सोसल्याशिवाय खेळाडू होत नाही, हे तुमचे म्हणणे खोटे नाही. पहाटे उठणे सोसावे लागते, हरणे सोसावे लागते, तीच उडी पाचशे वेळा मारणे सोसावे लागते. पण हे सोसणे खेळाडू स्वतः पत्करतो. तेरा वर्षांच्या मुलीला दोघींनी धरून दाबणे यात तिने पत्करलेले काही नाही. त्यातून ती एवढेच शिकते, की आपले दुखणे आपल्या माणसांना सांगून उपयोग नाही. पुढे एखाद्या दिवशी खरोखर काही मोडेल, तेव्हाही ती सांगणार नाही.

गणपतीत बाईंचे दुसरे पत्र आले. तपासणीत हाड जागचे सुटलेले नव्हते, पण कूर्चेला इजा झाली होती. मेची स्पर्धा हुकली. तीन महिने ताण बंद, मग हळूहळू ताकदीचे व्यायाम. मुलीला वर्ग सोडावा लागला नाही, वर्ग बदलावा लागला. पहिल्या दिवशी नव्या शिक्षिका तिला म्हणाल्या, “जिथे थांबावेसे वाटेल तिथे हात वर कर.” मुलीला ते खरेच वाटेना. तिने मुद्दाम लवकर हात वर करून पाहिला. बाई थांबल्या. त्या दिवशी घरी आल्यावर ती बाबांना हेच पुन्हा पुन्हा सांगत होती, आणि बाबा काही न बोलता ऐकत होते, असे तिच्या आईने लिहिले आहे.

स्प्लिट अजून पुरी बसत नाही. चार बोटांची दोन बोटे झाली आहेत. पण आता तेथवर ती आपल्या ताकदीने जाते आणि कोणाचा हात न धरता वर येते. उरलेली दोन बोटे कमी होतील किंवा हाडाची घडण म्हणेल, एवढेच. दोन्ही ठीक आहे.

या दिवाळीला पहाटे मुलांना तेल लावाल, तेव्हा त्यांचे खांदे, गुडघे, घोटे जरा हाताने चाचपून पाहा. आणि दुखते का, असे विचारा. ‘हो’ म्हणाली, तर हात सैल सोडा आणि त्यांचे ऐकून घ्या. सर्व वाचकांना ही दिवाळी सुखाची आणि हसत्या-खेळत्या अंगाची जावो.